गोव्यात नवीन आहात? जोडून आलेली सुट्टी घरीच कशी काढायची

बदली होऊन किंवा नोकरीधंद्यासाठी गोव्यात आलेल्या मराठी कुटुंबांचा पहिला लाँग वीकेंड बहुतेक एकाच पद्धतीने वाया जातो. शुक्रवारी "इथेच तर राहतो, एक चक्कर मारून येऊ" म्हणत गाडी काढायची, कळंगुटच्या अलीकडेच ट्रॅफिकमध्ये अडकायचे, पार्किंग शोधता शोधता पोरे रडकुंडीला आणायची आणि बाहेरच्या दराने जेवून रात्री उशिरा घरी यायचे. शनिवारी पाहुणे. रविवारी भांडी. सोमवारी कामावर जाताना आठवडाभर राबल्यासारखे वाटते.

माझे म्हणणे सरळ आहे. सलग सुट्ट्या आल्या की गोवा पर्यटकांचा असतो. तेवढे दिवस इथे राहणाऱ्याने आपल्या वाड्यातच (म्हणजे गावातल्या आपल्या वस्तीतच) राहावे, आणि घरी बसण्याची तयारी आदल्या संध्याकाळपर्यंत संपवावी. तयारी केली नाही तर घरी बसणेही जमत नाही. दर दोन तासांनी कुणाला तरी कशासाठी तरी बाहेर पडावे लागते.

आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे, आता बार्देश तालुक्यात थिवी स्टेशनपासून जवळच्या एका गावात राहतो. त्यामुळे उदाहरणे म्हापशाकडची येतील. फोंडा, मडगाव, वास्कोकडच्यांनी बाजाराचे नाव बदलून वाचावे.

आधी जमवून ठेवायच्या वस्तू आणि कागद

- भरलेला गॅस सिलिंडर, किंवा निदान नंबर लावलेला. सुट्टीच्या आदल्या दिवशी नंबर लावून उपयोग नाही.
- नेहमीच्या गोळ्या आठवड्याच्या, शिवाय ताप, जुलाब आणि पित्ताची औषधे. रविवारी गावातले औषधाचे दुकान उघडे असेलच असे नाही.
- थोडी रोकड आणि सुटे पैसे. पोदेर (सायकलवरचा पाववाला), नुस्तेवाली (मासेवाली) आणि भाजीवाली यांच्यासाठी. किनारपट्टीकडच्या एटीएमवर सुट्टीत भरवसा ठेवू नका.
- बॅटरी किंवा चार्जिंगचा दिवा, मेणबत्त्या, भरलेली पॉवर बँक.
- गाडीचे कागद: लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी. डिजिलॉकरमध्ये असतील तरी चालतात. तुमची गाडी अजून एमएच पाटीची असेल तर सुट्टीच्या दिवसांत नाक्यावर तुम्हाला पर्यटक समजूनच थांबवतील. वाद घालू नका, कागद दाखवा आणि पुढे व्हा.
- घरातल्या म्हाताऱ्या माणसांची फाइल आणि आरोग्य विम्याचे कार्ड एकाच पिशवीत.
- वाचनालयाची पुस्तके, पत्त्यांचा पूर्ण कॅट (एक्का हरवलेला नव्हे), कॅरमची पावडर.

१. कोणती सुट्टी घरची, ते कॅलेंडर बघून ठरवा

सगळ्या जोडसुट्ट्या सारख्या नसतात. २०२६चेच बघा. २६ जानेवारी सोमवारी, गुड फ्रायडे ३ एप्रिलला, २ ऑक्टोबर शुक्रवारी, नाताळही शुक्रवारी. या चारही सुट्ट्या देशभरच्या, म्हणजे मुंबई, पुणे, बेंगळुरू, हैदराबाद सगळे एकाच वेळी गोव्याकडे निघणार. हे दिवस डोळे मिटून घरचे धरा.

१ मे शुक्रवारी येतो. महाराष्ट्र दिन, शाळांना सुट्टी आणि आंब्याचे दिवस. तुम्हाला इथे कामावर जावे लागो न लागो, फोन वाजणार हे नक्की.

याच्या उलट काही सुट्ट्या फक्त गोव्याच्या असतात. ३ डिसेंबरचे सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त आणि १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन. तुमच्या महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना त्या दिवशी ऑफिस असते, त्यामुळे या सुट्ट्या खऱ्या अर्थाने आपल्या. २०२६मध्ये ३ डिसेंबर गुरुवारी आहे. शुक्रवारची एक रजा टाकली की चार दिवस मोकळे, आणि फोनही शांत. फक्त त्या दिवशी जुने गोवेच्या बाजूला फिरकू नका, फेस्ताला तिथे अलोट गर्दी असते.

चवथ या हिशेबात धरू नका. १४ सप्टेंबर २०२६ला सोमवारी चतुर्थी आहे, दुसऱ्या दिवशीही गोव्यात सुट्टी असते, कागदावर चार दिवस दिसतात. पण तुमचे गोव्यातले शेजारी त्यात क्षणभर बसणार नाहीत आणि तुम्हालाही बसू देणार नाहीत. माटोळीचा (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांचा) बाजार, आरत्या, एकमेकांकडे जाणे. मजा आहे, आराम नाही. तसेच नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीचे: नरकासुराच्या पुतळ्यांच्या मिरवणुकांचे ढोल आणि स्पीकर पहाटेपर्यंत चालू असतात, तेव्हा झोपेचा बेत आखूच नये.

२. पाहुण्यांचे आधीच काय ते ठरवा

हा सगळ्यात अवघड भाग, म्हणून सविस्तर लिहिते.

गोव्यात घर झाले की आपल्याला किती नातेवाईक आहेत ते कळते. फोन साधारण असा येतो: "वहिनी, आम्ही चौघं येतोय हं. तुमच्याकडं फक्त झोपायला, दिवसभर बाहेरच असणार." या 'फक्त झोपायला'मध्ये काय काय येते ते अनुभवी माणसाला विचारा. सकाळचा चहा-नाष्टा, बाथरूमची रांग, ओले टॉवेल, वाळूने भरलेली मोरी, "परत यायला अकरा वाजतील, तुम्ही झोपा, किल्ली ठेवा" आणि मग अकराला आल्यावर "थोडा भात आहे का?"

पाहुणे नकोत असे मी म्हणत नाही. पण ते तुमच्या विश्रांतीच्या सुट्टीत यावेत की दुसऱ्या कुठल्या, हे तुम्ही ठरवायचे आहे. आमच्याकडे चालते ते असे.

वर्षाच्या सुरुवातीला घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपणच तारखा टाकायच्या: "जुलै-ऑगस्टमध्ये या, सप्टेंबरनंतरच्या सुट्ट्यांत आम्ही घरी नसू किंवा घरीच असू, पण कुणाला बोलावणार नाही." बोलावणे आपल्याकडून आधी गेले की नकार द्यायची वेळ कमी येते. सासर-माहेर दोन्हीकडे एकच निरोप गेला पाहिजे, नाहीतर घरातच वेगळे महाभारत सुरू होते. आणि हा निरोप ज्याच्या बाजूचे नातेवाईक त्यानेच द्यावा. नणंदेला नवऱ्याने सांगावे, मेहुण्याला मी.

तरीही येणारच असतील, तर फोनवर तीन गोष्टी विचारून घ्या: कशाने येणार, घरी किती वेळा जेवणार, परत कधी निघणार. संकोच करू नका, पुढे वाईटपणा येण्यापेक्षा आधी विचारलेले बरे.

विमानाने येणाऱ्यांना तिकीट नीट वाचायला लावा. मोपाचा मनोहर विमानतळ जानेवारी २०२३पासून सुरू आहे आणि दाबोळीचाही चालू आहे. तिकिटावर दोन्हीकडे 'गोवा' असते, फरक कोडमध्ये असतो: मोपा जीओएक्स, दाबोळी जीओआय. बार्देश-पेडण्याकडच्यांना मोपा जवळ, सासष्टी-मुरगावकडच्यांना दाबोळी. चुकीच्या विमानतळावर उतरलेला पाहुणा आणायला सुट्टीच्या दिवशी अख्खा गोवा ओलांडणे म्हणजे अर्धा दिवस गेला.

पाहुण्यांना फिरायचे असेल तर आपली स्कूटर देऊ नका. भाड्याची गाडी घ्यायला सांगा, आणि काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे बेकायदा आहे, पोलिसांनी पकडले की पाहुणा फोन आपल्यालाच करतो. किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणे आणि चूल मांडून स्वयंपाक करणे याला दंड आहे, हेही दारातच सांगून टाका. आणि पावसाळ्यात समुद्रात उतरायचे नाही, अगदी गुडघाभर पाण्यातसुद्धा. हे आढेवेढे न घेता बजावायचे. कुणी नाराज झाले तर होऊ द्या.

३. बाहेरची कामे आदल्या संध्याकाळपर्यंत उरका

पेट्रोल, किराणा, दूध, पिण्याचे पाणी, इस्त्रीचे कपडे, मुलांच्या प्रोजेक्टचा तक्तापेपर. गोव्यातली दुकाने दुपारी एक ते साडेतीन-चार बंद असतात हे नवीन माणसाच्या पटकन अंगवळणी पडत नाही. "ऑफिसातून दुपारी सुटलो की घेतो" हा बेत इथे फसतो. दुकानदार घरी जाऊन जेवून झोपलेला असतो, आणि मला विचाराल तर तो शहाणा आहे. सरकारी कार्यालये शनिवार-रविवार बंद, बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद. तेव्हा सही-शिक्क्याचे काम सुट्टीच्या अंगावर ठेवू नका.

पुस्तकांसाठी पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात एकदा जाच. १८३२ साली पोर्तुगीज अमदानीत सुरू झालेले हे ग्रंथालय देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी आहे, आणि नाव आहे ते सोळाव्या शतकात मराठीत कृष्णचरित्रकथा लिहिणाऱ्या गोमंतकीय कवीचे. मराठीचा विभाग चांगला आहे, मुलांसाठीही पुस्तके आहेत. सभासद होताना ओळखपत्र आणि इथल्या पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा. भाड्याच्या घरात असाल तर भाडेकरार सोबत न्या. सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात पुस्तके आणून ठेवायची. दर खेपेला मुलांना त्यांची त्यांना निवडू द्या, आपण आणलेली तशीच पडून राहतात.

४. बाजार आणि नुस्ते

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार प्रसिद्ध आहे, पण शुक्रवारच सुट्टीचा असेल तर तो बाजार पर्यटकांचाही होतो. जायचेच तर सकाळी सातला जा आणि नऊच्या आत परत या. गावठी भाजी, मयड्याची केळी, सोले (कोकमे), सुकी मिरची घ्यायची आणि निघायचे. मे महिन्यात असाल तर पुरुमेंताची खरेदी बघण्यासारखी असते. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी सुके बांगडे, सुंगटे (कोळंबी), आमसुले, मीठ, मिरची भरून ठेवायची इथली रीत. घरी बसायच्या सुट्टीत असा साठा फार उपयोगी पडतो.

माशांचे गणित वेगळे. सुट्टीच्या दिवसांत इसवण आणि मोठी सुंगटे हॉटेलवाले पहाटेच उचलतात, उरलेल्याचे दर ऐकून हात मागे येतो. (इसवण म्हणजे आपली सुरमई.) त्यापेक्षा बांगडे, तारले, लेपे घ्या. स्वस्त, ताजे, आणि इथली माणसे घरी रोज तेच खातात. कल्ला उचलून लाल आहे का ते बघा, डोळा फुगीर असावा, बोटाने दाबले तर खड्डा राहू नये. मासळी कापून-साफ करून देणाऱ्या बायका बाजारातच बसलेल्या असतात. वेगळे पैसे घेतात, पण घरचा सिंक आणि वास दोन्ही वाचतात. हे पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते. त्या काळात 'ताजी' म्हणून मोठी मासळी विकत असतील तर ती बहुधा बाहेरून बर्फातून आलेली. तेव्हा नदीतले, खाजणातले (बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतले) मासे आणि तिसऱ्या बघा, किंवा सरळ भाज्यांवर या. पावसाळ्यात तायकिळा, तेरे, अळू, बांबूचे कोंब असे बरेच काही बाजारात येते. वारुळावरची अळंबीही येतात. त्यांचा दर मात्र घरी कुणाला सांगू नका.

एक शिष्टाचार. बऱ्याच हिंदू घरांत सोमवारी आणि श्रावणात नुस्ते शिजत नाही. भाड्याच्या घरात खाली घरमालक राहत असतील तर आधी बघून घ्या.

५. स्वयंपाकघर: एकाच माणसावर सुट्टी टाकू नका

घरी राहायचे ठरले की घरातल्या बाईचे काम दुप्पट होते, आणि तिच्या नावावर मात्र 'आराम' लागतो. उपदेश करून काही होत नाही, व्यवस्था बदलावी लागते.

सकाळ पोदेरावर सोपवा. सायकलचा भोंपू वाजला की मुलांनी पिशवी आणि सुटे पैसे घेऊन पळायचे, हे त्यांचे काम. उंडे, कोंडा लावलेली पोळी, कातरे, कडक काकणे असे पावाचे चार प्रकार असतात. वाड्यात त्याची वेळ ठरलेली असते. ती शेजाऱ्यांना विचारा आणि दोन दिवस आधी त्याला सांगून ठेवा की आमचे इतके. सुट्टीत माल लवकर संपतो. एक दिवस नाष्ट्याला गावातल्या हॉटेलची भाजी आणावी: पातळ भाजी, सुकी भाजी, सोबत मिरची. घरी फक्त चहा.

दहा-अकराला पेज. उकड्या तांदळाची, मीठ घालून, सोबत मिठातली तोरे (कैऱ्या) किंवा लोणचे, आणि सुक्या सुंगटांची किसमूर (खोबरे घालून केलेले कोरडे तोंडीलावणे). पेज प्यायली की दुपारचे जेवण दोनपर्यंत ढकलता येते. घाटावरच्या माणसाला आधी हे आजारपणाचे खाणे वाटते. उकाड्यात दोन वाट्या प्या, मग बोला.

दुपारी एकच मुख्य पदार्थ करायचा आणि तो दोन दिवस पुरवायचा. बांगड्याचे हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणातली माशांची कडी (आमटी), त्यासाठी उत्तम. सहा-सात मध्यम बांगड्यांना एका मोठ्या नारळाचे अर्धे खोबरे, सात-आठ सुक्या मिरच्या, दीड चमचा धणे, अर्धा चमचा हळद आणि लिंबाएवढी चिंच. हे सगळे अगदी गंधासारखे बारीक वाटायचे. मिक्सरमध्ये वाटत असाल तर मिरच्या आणि धणे अर्धा तास भिजवून घ्या, नाहीतर कडी खरखरीत लागते. वाटण पातळ करून उकळी आणा, मीठ घाला, मग बांगड्याचे तुकडे सोडा. आठ-दहा तिरफळे बी काढून किंचित ठेचून वरून टाका. वाटणात घालायची नाहीत, कडू होतात. सात-आठ मिनिटांत मासा शिजतो. पळी घालून ढवळू नका, भांडे धरून हलवा. आले-लसूण नाही, फोडणी नाही. उतरवल्यावर चमचाभर कच्चे खोबरेल घालतात, आवडत असेल तर घाला.

वाटण आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवता येते, म्हणजे सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्ष काम वीस मिनिटांचे. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच कडी मंद आचेवर आटवून घट्ट झाली की उंड्याबरोबर खायची. या कालच्या कडीसाठी आमच्याकडे भांडणे होतात, म्हणून मी मुद्दाम दोन तुकडे आणि बरीचशी कडी वेगळी काढून ठेवते.

मासे न खाणाऱ्या घरांनी हाच हिशेब मुगागाठीला (मोड आलेल्या मुगांची आमटी) किंवा अळसांद्याच्या (चवळीसारख्या कडधान्याच्या) तोंडाकाला लावावा. खतखत्यात (मिश्र भाज्यांच्या रश्श्यात) सगळ्या भाज्या चिरायला तास जातो, पण चार माणसे पाट मांडून बसली तर तो तास मजेत जातो. त्यातही तिरफळ लागतेच.

रात्री शीत (भात), सोलकढी, पापड. एवढेच. रात्रीच्या 'स्पेशल'मुळेच घरची सुट्टी बिघडते.

भांडी पुरुषांनी आणि मुलांनी वाटून घ्यावीत, आणि वाटणी लिहून फ्रीजवर लावावी. तोंडी वाटणी दुपारच्या झोपेनंतर कुणालाच आठवत नाही.

६. दुपारी झोपा

गोव्यात दुपारी एक ते चार कुणी कुणाला फोन करत नाही, दार वाजवत नाही. तुम्हीही करू नका. मुलांना झोप येत नसेल तर पुस्तक घेऊन पडावे, टीव्ही बंद. यावर याहून जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

७. मुले आणि मोबाइल

मोबाइल काढून घेतला तर मूल दिवसभर तुमच्या मागे लागते, म्हणून आधी पर्याय हातात द्या. पोदेराचे काम त्यांना दिलेच आहे. पत्ते म्हणजे बदाम सात, झब्बू, मेंढीकोट. आजी-आजोबा असतील तर मेंढीकोटाला रंग भरतो आणि चीटिंग पकडण्यात तास जातो. पावसाळ्यात झाडाखालचे बेडूक, गोगलगाई, मखमली किडे दाखवा. हिवाळ्यात पहाटे शेताच्या बांधावरून चालत जा. खाजणाजवळ राहत असाल तर बगळे, खंड्या आणि हिवाळी पाहुणे पक्षी बघायला दुर्बीण नसली तरी चालते.

शेजारच्या मुलांत मिसळू द्या. नवीन कुटुंबे मुलांना घरात कोंडून ठेवतात आणि मग म्हणतात, इथे ओळखी होत नाहीत. तुमचे मूल आठ दिवसांत कोंकणी बोलायला लागेल, मोठ्यांना वेळ लागतो.

दिवसातून एक ठराविक तास मोबाइलचा द्या आणि तो सर्वांसाठी एकच ठेवा. बाबांचे 'ऑफिसचे काम' त्याच तासात.

८. संध्याकाळी वाड्यातच

पाचनंतर चहा झाला की चालत जाता येईल एवढेच जग. गावातले देऊळ, चॅपेल, पाण्याची तळी, फुटबॉलचे मैदान. फोंड्याकडची मंगेशी, म्हार्दोळ, कवळेची शांतादुर्गा ही देवळे सुट्टीत बसगाड्यांनी भरलेली असतात. ती एखाद्या साध्या मंगळवारी करा, पुजारीही दोन शब्द बोलतो.

घराला सोपा किंवा बाल्काव (दारासमोरचा बसायचा व्हरांडा) असेल तर तिथे बसा. दार बंद करून आत बसलेल्या माणसाला गाव 'फ्लॅटवाले' म्हणून सोडून देते, बाहेर बसलेल्याशी येणारा-जाणारा बोलतो. पणस, केळी, वालीची जुडी अशीच येते. परत देताना भांडे रिकामे पाठवू नका.

दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत जत्रा-उत्सवांत गावोगावी मराठी नाटके होतात, बहुतेक गावातल्याच मंडळींनी बसवलेली. घाटावर नाटक म्हणजे तिकीट आणि नाट्यगृह. इथे देवळासमोरच्या मंडपात गावचा शिक्षक शिवाजी होतो आणि पोस्टमन औरंगजेब. छापलेली वेळ फार मनावर घेऊ नका, जेवून सावकाश जा. बसायला चटई किंवा खुर्ची आणि मुलांसाठी शाल न्या.

९. वीज गेली, स्पीकर वाजला, कुणी आजारी पडले

पावसाळ्यात वीज जाते, यात आश्चर्य नाही. दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायची असेल तर खाते आधी वर्तमानपत्रात सूचना देते, ती वाचत जा. अचानक गेली तर १९१२वर तक्रार नोंदवा आणि नंबर लिहून घ्या. टाकीत पाणी आदल्या रात्री भरलेले असले पाहिजे, कारण वीज नाही म्हणजे पंप नाही.

किनाऱ्याजवळ राहत असाल तर सुट्टीतल्या पार्ट्यांचा आवाज हा मोठा त्रास. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. ११२ला फोन करा, ठिकाण नीट सांगा. स्वतः जाऊन भांडू नका, समोरच्या माणसाने किती घेतली आहे ते तुम्हाला माहीत नसते.

रुग्णवाहिकेसाठी १०८. मोठे सरकारी इस्पितळ बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज), उत्तरेकडच्यांना म्हापशाचे जिल्हा इस्पितळ जवळ. सुट्टीत रस्ते तुंबलेले असतात, म्हणून दुखणे अंगावर काढून रात्रीची वाट बघू नका.

१०. शेवटची संध्याकाळ

पाहुणे आलेच असतील तर त्यांना शेवटच्या दिवशी दुपारनंतर निघू देऊ नका. पर्वरीला आणि पत्रादेवीच्या नाक्यावर तेव्हाच सगळे एकदम निघालेले असतात. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला चहा देऊन निरोप द्या. कोल्हापूरकडे आंबोलीने जाणार असतील किंवा बेळगावकडे चोर्ल्याने, तर पावसाळ्यात घाट चालू आहे का ते आधी विचारून घ्या. दरड पडली तर रात्रभर गाडीत बसावे लागते.

डबे, गणवेश, दप्तर संध्याकाळी सहालाच आवरा, रात्री दहाला नाही. आणि कचरा. सुट्टीत पंचायतीची गाडी बहुतेक येत नाही, माशांचा कचरा दोन दिवसांत घर डोक्यावर घेतो. तो पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरच्या एका कोपऱ्यात ठेवायचा आणि गाडीच्या दिवशी सकाळी बाहेर काढायचा. पिशवीवर मोठ्या अक्षरांत 'कचरा' लिहा, नाहीतर कुणीतरी ती वितळायला काढून ठेवतो.